हे मी लिहिते आहे, माझी गुठळी नव्हे

मी, खाली सही करणारी, वय वर्षे एकाहत्तर, धंदा वजनकाट्यांची दुरुस्ती, अविवाहित, राहणार दुकानाच्या मागच्या दोन खोल्यांत, पूर्ण शुद्धीत, स्थिर बुद्धीने, कोणाच्याही दडपणाला वा भिडेला बळी न पडता, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहून ठेवते ते असे की...

इथेच थांबावं लागतं. वरचं वाक्य वकीलबाईंनी तयार दिलं आहे आणि त्या म्हणतात की सगळे लोक ते डोळे मिटून उतरवून घेतात. मला ते जमेना. वय, धंदा, खोल्या इथपर्यंत ठीक. पण ‘पूर्ण शुद्धीत’ आणि ‘स्थिर बुद्धीने’ हे जे चार शब्द आहेत, त्यांच्यावरून माझा आणि माझ्या धाकट्या भावाचा चाळीस वर्षं वाद चालला, आणि गेली तीन वर्षं अबोला आहे. भाऊ मेंदूचा डॉक्टर आहे. तीन वर्षांपूर्वी माझ्या मेंदूत गुठळी झाली तेव्हा उपचारही त्यानेच केले. त्यामुळे पुढचं बोलणं वकीलबाईंच्या टेबलापाशी झालं ते जसंच्या तसं लिहिते.

“गुठळी झाली होती ना तुम्हाला? मग उद्या कोणीही उठून म्हणेल, बाईंचं डोकं ठिकाणावर नव्हतं. ज्या डॉक्टरांनी उपचार केले, त्यांचीच सही घ्या साक्षीदार म्हणून.”

“तो माझा भाऊ आहे.”

“मग तर उत्तमच.”

“आम्ही बोलत नाही.”

“सही करायला बोलावं लागत नाही. फक्त त्यांना काही ठेवू नका. साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही घेता येत नाही.”

“आणि त्याने सही केलीच नाही तर?”

“तर कागद लंगडा. टिकला नाही, की जवळचा वारस म्हणून सगळं त्यांनाच जाईल.”

“म्हणजे मला शहाणी म्हणाला तर तो हात हलवत परत जाणार, आणि खुळी म्हणाला तर घरदार त्याचं?”

वकीलबाईंनी पेनाचं टोपण लावलं, काढलं. “कायद्याच्या भाषेत असं म्हणत नाहीत,” त्या म्हणाल्या. “पण हो.”

इतकी आनंदाची बातमी मला बऱ्याच दिवसांत मिळाली नव्हती. म्हणून मी घरी येऊन लगेच लिहायला बसले. वरचे चार शब्द मी तात्पुरते लिहिले आहेत, ते खरे की खोटे हे साक्षीदार क्रमांक दोनने खाली ठरवावं.

कलम १. घर आणि दुकान. पुढचं दुकान, मागच्या दोन खोल्या, गच्चीवर जाणारा लोखंडी जिना आणि त्या जिन्याखालची अडगळ, हे सगळं माझ्या भाचीला, म्हणजे भावाच्या एकुलत्या एका मुलीला द्यावं. ती शाळेत गणित शिकवते. काटे दुरुस्त करायला तिला येत नाही आणि शिकायची हौसही नाही. त्याबद्दल माझी तक्रार नाही, कारण आता विजेवरचे काटे आले आहेत आणि ते बिघडले की लोक दुरुस्त करत नाहीत, फेकतात. तिने दुकानात शिकवण्या घ्याव्यात. अट एकच, दारावरची ‘येथे काटे खरे करून मिळतात’ ही पाटी काढू नये.

घर तिलाच का, याचं कारण लिहून ठेवते. ती नऊ वर्षांची असताना एका रविवारी आम्हा दोघांच्या मध्ये बसून पाव खात होती. भाऊ दर रविवारी चारला यायचा. त्या दिवशी तो सांगत होता की विचार म्हणजे मेंदूतल्या पेशींची वीज, दुसरं काही नाही.

पोर म्हणाली, “बाबा, तीन आणि चार सात होतात ते डोक्यात कुठे असतं?”

त्याने कानाच्या जरा वर बोट ठेवून जागा दाखवली.

“मग सगळ्यांचं तिथे दुखायला लागलं तर आठ होतील का?”

“तसं नसतं ते, बाळा.”

“मग कसं असतं?”

त्यावर डॉक्टरसाहेबांनी पाव मागितला. मी त्याच दिवशी मनातल्या मनात तिला घर देऊन टाकलं होतं, आज फक्त कागद करते आहे.

कलम २. हत्यारं. सगळ्या कानशी, पकडी, चिमटे, लहान ऐरण आणि शिशाच्या तुकड्यांचा डबा दुकानाच्या उंबऱ्याशी सव्वीस वर्षं बसणाऱ्या चावीवाल्याला द्यावा. त्यातली एक गोल कानस अकरा वर्षं त्याच्याकडेच आहे. ‘दोन मिनिटांत आणतो’ म्हणून नेली होती. ती त्याला या कलमाने रीतसर देण्यात येत आहे, म्हणजे आता तरी ती लपवायला त्याला चादर टाकावी लागणार नाही. साक्षीदार हो, असं मी त्याला आधी विचारलं होतं. “साक्षीदाराला काही मिळत नाही म्हणता?” तो म्हणाला. “मग मला हल्ली नीट दिसत नाही, ताई.”

कलम ३. वरच्या मजल्यावरच्या गवयाला काहीही देऊ नये. वीस वर्षं तो रोज पहाटे एकच सूर लावतो आणि तो सूर दरवेळी केसभर खाली लागतो. दुसऱ्या कोणाला ते कळतही नसेल. पण जिने जन्मभर केसभर फरक शोधला, तिच्या डोक्यावरच नेमकं हे व्हावं? मी एकदा वर जाऊन सांगितलं तर म्हणाला, “बाई, तुमचा कान खराब आहे.” त्याला काही मिळू नये याची पक्की सोय म्हणून त्यालाच साक्षीदार क्रमांक एक केलं आहे. त्याला हे कारण माहीत नाही. त्याला मान वाटला.

कलम ४. काचेच्या पेटीतला काटा. हे कलम लांब होणार आहे, कारण माझ्याजवळची किमती वस्तू हीच.

हा काटा बाबांचा, म्हणजे आमच्या वडिलांचा. औषधं तोलायला केलेला. पारडी बटणाएवढी, दांडी बोटाएवढी, आणि ती दांडी ज्या पोलादी धारेवर डोलते ती धार बाबांनी स्वतः घासलेली. दुकानातले बाकीचे सगळे काटे या एका काट्याच्या भरवशावर खरे व्हायचे. आम्ही लहान असताना बाबांनी एकदा माझा आणि भावाचा एकेक केस तोडून दोन पारड्यांत टाकला. माझा जड भरला. भाऊ आठवडाभर जेवताना माझ्याशेजारी बसला नाही.

पुढे तो शिकायला गेला आणि मी दुकानात बसले. बाबांनी जाताना काटा मला दिला. भावाने तो कधी मागितला नाही. पण दर रविवारी आल्यावर तो आधी खिशातला रुमाल काढून त्या पेटीवरची धूळ पुसायचा, आणि मग खुर्चीत बसून मला मूर्ख ठरवायला सुरुवात करायचा. तोंडाने न मागता माणूस किती मागतो ते मला तेव्हा कळलं.

आता वाद. जे आहे ते सगळं निसर्गात आहे, निसर्गाबाहेर काही नाही, आणि मन, बुद्धी, तर्क हे सगळं हाडामांसाचंच काम, असं भावाचं म्हणणं. याला तो निसर्गवाद म्हणतो. माझं म्हणणं दुकानातलं. काट्याला वजन कळत नसतं. पितळ खाली जातं, सुई हलते, संपलं. ‘अर्धा किलो झाला’ हे बघणाऱ्याला कळतं. आता तुझ्या डोक्यात नुसत्या पेशीच हलत असतील, तर ‘सगळं पेशींचंच आहे’ हे तुझं मतही नुसतं हललेलं आहे. ते खरं आहे हे कशावरून? तू ते पटलं म्हणून म्हणतोस, की तसं म्हणण्यावाचून तुला गत्यंतर नव्हतं? यावर तो पुस्तकं आणायचा. मी पुस्तकांखाली चहाचे कप ठेवायची. असे चाळीस वर्षांचे रविवार गेले, आणि खरं सांगते, आठवड्यातले बाकीचे सहा दिवस मी त्या दिवसाची वाट बघत असे.

मग गुठळी झाली. एका सकाळी दुकान उघडताना कुलूप हातातून पडलं आणि ‘कुलूप’ हा शब्दही डोक्यातून पडला. एकोणीस दिवस मला शब्द सापडत नव्हते. चष्मा मागायची आणि तोंडातून ‘करवत’ यायचं. भावाने मला त्याच्या दवाखान्यात ठेवलं. रोज संध्याकाळी आपलं काम संपवून तो माझ्या खाटेवर बसायचा आणि दुकानातून आणलेली वजनं एकेक करून माझ्या तळहातावर ठेवायचा. “हे काय, ताई? नाही, घाई नको. जड आहे की हलकं? याला काय म्हणतेस तू दुकानात?” विसाव्या दिवशी मी ‘पावशेर’ म्हणाले. एवढा मोठा डॉक्टर, पण तो मान फिरवून खिडकीबाहेर बघत बसला. तो रडत होता. मेंदूचा कुठला भाग हातातल्या वजनाच्या वाटेने जागा होतो हे त्याला माहीत होतं, म्हणून मी आज लिहिते आहे. ज्या मताशी मी चाळीस वर्षं भांडले त्याच मताने मला उचलून उभं केलं. हे मी त्याला कधीच सांगितलं नाही. आता कलमात सांगते.

चार महिन्यांनी मी घरी होते, शब्द परत आले होते, रविवारी चार वाजता तो आला. मी जुनं वाक्य काढलं, ‘तुझं मत तरी खरं कशावरून?’ त्याने एक उत्तर दिलं, मी ते खोडलं. दुसरं दिलं, तेही खोडलं. तो थकलेला होता, हे मला आज कळतं. तो म्हणाला, “ताई, हे तू बोलत नाहीस. तुझी गुठळी बोलतेय.”

मी त्याला चूक म्हणायची, तो मला मूर्ख म्हणायचा, त्याचं कधी काही वाटलं नाही. मूर्ख म्हणायला आधी माणसाचं म्हणणं ऐकावं लागतं. त्या दिवशी त्याने ऐकलंच नाही. माझ्या तोंडाकडे तो बिघडलेल्या काट्याकडे बघावं तसा बघत होता. मी विचारलं, “हेच वाक्य मी चाळीस वर्षं बोलते आहे. तेव्हा गुठळी कुठे होती?” मी दार उघडून धरलं. जाताना त्याने सवयीने रुमाल काढला, पेटीकडे बघितलं, आणि रुमाल परत खिशात ठेवला. मला फार लागलं ते. अजून लागतं.

तेव्हापासून दर महिन्याच्या गोळ्या तो भाचीच्या हाती पाठवतो. त्याच्या चष्म्याच्या दांड्या सैल झाल्या की भाचीच्याच हाती इकडे येतात आणि मी आवळून परत पाठवते. पोरीची हमाली चालली आहे. ती म्हणते, “आत्या, तुम्ही दोघं मिळून एक शहाणं माणूस होता.”

म्हणून व्यवस्था अशी. साक्षीदार क्रमांक दोन म्हणून भावाने सही केली, तर या मृत्युपत्राने त्याला हा काटा मिळणार नाही. तो भाचीला जाईल. सही केली नाही, तर काटा, घर, दुकान, जिना, सगळं वारसाहक्काने त्याचं. मग रोज सकाळी त्याने काट्यासमोर बसावं आणि ही वस्तू आपल्याला बहिणीच्या गुठळीने दिली, असं म्हणून पेटी पुसावी. ‘या मृत्युपत्राने’ या दोन शब्दांखाली मी रेघ मारली आहे. वकीलबाईंनी ती रेघ पाहून माझ्याकडे पाहिलं.

कलम ५. मेंदू. माझा मेंदू भावाला द्यावा, असं मी पहिल्या मसुद्यात लिहिलं होतं. वकीलबाई म्हणाल्या, “मेंदू ही मालमत्ता होत नाही.” मी म्हटलं, “माझ्या भावाच्या मते मी स्वतःच मेंदू आहे. मग मालमत्ता कोणाची आणि मालक कोण, हे त्यालाच विचारा.” त्यांनी मला पाणी दिलं. शिवाय साक्षीदाराला काही देता येत नाही, ती अडचण आहेच. तेव्हा मेंदू वैद्यकीय विद्यालयाला द्यावा, अशी इच्छा नोंदवते. भावाला तिथे जाऊन तो बघायला मोकळीक असावी. त्याने शांतपणे पातळ काप करावेत आणि माझं म्हणणं कुठल्या कापात चुकीचं आहे ते शोधावं. सापडलं तर भाचीला कळवावं. बाकी देह जाळा, पुरा, जे सोपं पडेल ते करा. फक्त गवयाला गायला लावू नका.

कलम ६. कबुली. हे कलम मी तीन वेळा लिहून फाडलं.

आजारातून उठल्यावर मी दुकान पुन्हा सुरू केलं. महिन्याभरात तीन दुकानदार काटे घेऊन परत आले. बाई, एका बाजूला कलतो. मी म्हटलं, तुमच्या फळ्या वाकड्या आहेत. मग भाजीवाली आली. ती मला बाबांच्या वेळेपासून ओळखते. ती नुसता काटा ठेवून गेली. तेव्हा मी तपासायला बसले.

बाबांनी शिकवलेली तपासणी अशी. सुई कलली तर आधी वजनांची अदलाबदल करायची. कल बाजू बदलतो? मग खोट वजनांत. नाही बदलत? मग खोट काट्यात. मी अदलाबदल केली. कल तिथेच. म्हणजे काटा खोटा. पण सगळेच काटे खोटे, आणि सगळे एकाच बाजूला? म्हणून मी आणखी एक गोष्ट केली. दुकानातले काटे दोन्ही बाजूंनी वाचता येतात, एकीकडून दुकानदाराला, दुसरीकडून गिऱ्हाइकाला. मी अख्खा काटाच फिरवून ठेवला. खोट काट्यात असती तर सुई आता माझ्या दुसऱ्या हाताकडे कलायला हवी होती. ती पुन्हा उजव्याच हाताकडे. मग टेबल वाकडं असेल म्हणून टेबल फिरवलं, चावीवाल्याला हाताशी घेऊन. तरी उजवीकडेच.

सगळं फिरवून झालं होतं. न फिरलेली एकच वस्तू खोलीत उरली होती, ती मी.

मी चावीवाल्याला विचारलं, “मी कशी बसले आहे?”

तो म्हणाला, “नेहमीसारखीच. आजारातून उठल्यापासून बसता तशी. डावीकडे कलून.”

“आणि तू मला सांगितलं नाहीस?”

“मला वाटलं, तुम्हाला तसंच बरं वाटतं.”

मला तर मी ताठ बसले आहे अशी खात्री होती. आजही मान ताठ वाटते तेव्हा ती कललेली असते. सुई मागच्या खुणेपासून थोडी पुढे असते, म्हणून कलून बघितलं की मधोमध असलेली सुई बाजूला दिसते, आणि मी चांगले काटे त्या हिशेबाने बिघडवत होते. नाचता येईना अंगण वाकडं, ते हेच. एकूण अकरा काटे मी परत मागवून फुकट खरे केले. मग छतावरून टेबलाच्या मध्यावर एक ओळंबा, म्हणजे टोकाला वजन बांधलेली दोरी, सोडला, आणि नाक त्या दोरीला लागेल असं बसायची सवय लावली. हलक्या पारड्याला आम्ही धातूचा जो तुकडा बांधतो त्याला पासंग म्हणतात. तसा पासंग मी माझ्या अकलेला बांधला.

हे भावापासून लपवलं. का, ते उघड आहे. ‘बघ, गुठळीने तुझा सरळपणाच हलवला, म्हणजे सरळपणाही मेंदूतच असतो,’ असं तो म्हणाला असता आणि ते खरं आहे. मी हरते. पण थांबा. ती खोट पकडली कोणी? बाहेरून कोणी आलं नव्हतं, चावीवाल्याला मी विचारलं ते सगळ्यात शेवटी. त्याच कललेल्या डोक्याने, तेच कललेले डोळे घेऊन, आपण कललो आहोत हे शोधून काढलं. दुसऱ्याच्या डोळ्यातलं कुसळ दिसतं, स्वतःच्या डोळ्यातलं मुसळ दिसत नाही म्हणतात. मला मुसळ दिसलं, गड्या. ते दाखवणारी ही जी काय चीज आहे, ती तुझ्या चित्रात कुठे येते? मला माहीत नाही. तुला माहीत असेल तर सांग. तीन वर्षं सांगायला कोणी नाही म्हणून हा सगळ्यात चांगला मुद्दा माझ्याजवळ पडून आहे.

कलम ७. वाद. हा वाद भावाला आणि भाचीला समाईक द्यावा. साक्षीदाराला मिळणाऱ्या वस्तूंत तो मोडत नाही, मी विचारून घेतलं आहे. मात्र एक अट आहे. खरं वजन हवं असेल तर आमच्याकडे पारडी बदलून पुन्हा तोलतात. तेव्हा यापुढे भावाने माझी बाजू मांडावी, आणि त्याची बाजू कोणी मांडायची ते भाचीने ठरवावं. सुरुवात मी करून देते. खाली भावाची बाजू, माझ्या शब्दांत, प्रामाणिकपणे.

पाणवठ्याशी तीन वाघ गेले आणि दोन बाहेर आले. ज्या माकडाला तिसरा मोजता आला नाही ते कोणाचंच आजोबा झालं नाही. ज्याला आला, त्याची आपण पोरं. म्हणजे डोकं खरं करायला कोणी कारागीर लागला नाही, लाखो वर्षं वाघच कानस मारत होते. हा झाला एक मुद्दा. दुसरा माझ्या दुकानातला. खोटा काटासुद्धा, पारडी बदलून दोनदा तोललं, की खरं वजन सांगतो. त्यासाठी बाहेरून एखादा पवित्र, निर्दोष काटा आणावा लागत नाही. म्हणजे चुकीच्या साधनाने चूक शोधता येते, फक्त ते फिरवून बघावं लागतं. ‘नुसत्या हलणाऱ्या पेशींवर भरवसा कसा ठेवायचा?’ या माझ्या चाळीस वर्षांच्या प्रश्नाला हे उत्तर बरंच पुरतं. आणि ते मला चाळीस वर्षं ठाऊक होतं! भाऊ शिकायला गेला म्हणून त्याला धंदा माहीत नव्हता, त्याला ते सुचलं नाही, आणि तो दर रविवारी हरत होता. मी चहा ओतत होते आणि तोंडाला कुलूप लावून बसले होते. त्याची सगळी पुस्तकं माझ्या या एका युक्तीच्या पासंगालाही पुरली नसती. कोणी याला लबाडी म्हणेल. आहेच.

(फिरवून बघायचं, हे काट्याला कोण सांगतं, हा प्रश्न राहतो. पण तो माझ्या पारड्यातला आहे. इथे खोडते.)

वरीलप्रमाणे माझ्या वस्तू, माझा वाद आणि माझी लबाडी मी वाटून दिली आहे. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेलं नाही, आणि यानंतर कोणी माझ्या नावाचा गोड, गुळगुळीत, कोणालाही न बोचणारा कागद पुढे केला तर तो खोटा समजावा. हे लिहिताना माझं नाक दोरीला लागलेलं होतं. मरायची मला घाई नाही. पण भावाशी न बोलता मरायची भीती वाटते, आणि ती भीती गुठळीची नाही, माझी आहे.

(सही) काटेवाली

साक्षीदार क्रमांक एक:
बाईंनी माझ्यासमोर सही केली. मला कागद वाचू दिला नाही, फक्त शेवटचं पान दाखवलं. बाई शुद्धीत आहेत. त्यांचा कान मात्र खराब आहे.
(सही) वरच्या मजल्यावरचे गायक

साक्षीदार क्रमांक दोन:
मी, सही करणारीचा धाकटा भाऊ आणि तिचा डॉक्टर. कागद भाचीने, म्हणजे माझ्या मुलीने, माझ्या हातात दिला आणि मला दुकानात ढकलून बाहेरून कडी घातली. मी तो दोनदा वाचला. कलम ७ मधली माझी बाजू माझ्यापेक्षा बरी मांडली आहे. चाळीस वर्षं दाबून ठेवल्याबद्दल निषेध नोंदवतो.

अटीप्रमाणे आता तिची बाजू. या बाईंच्या मेंदूची सतरा चित्रं मी काढली. गुठळी कुठे, केवढी, कशाने विरघळली, सगळं त्यांत दिसलं. तिचं म्हणणं बरोबर की चूक, हे एकाही चित्रात दिसलं नाही. त्यासाठी मला आज इथे बसून तिचं अक्षर वाचावं लागलं. तीन वर्षांपूर्वी मी ऐकलं नाही, चित्र आठवून उत्तर दिलं. ते वाक्य मी लेखी मागे घेतो. तेव्हा मला उत्तर सापडत नव्हतं, एवढंच खरं होतं.

तिने माझ्यासमोर सही केली. सही करणारी पूर्ण शुद्धीत आणि स्थिर बुद्धीची आहे. यापेक्षा जास्त शुद्ध असती तर मला झेपली नसती.
(सही) डॉक्टर

पुरवणी, त्याच दिवशी, त्याच हाताने:
साक्षीदार क्रमांक दोनने सही केली, त्यामुळे कलम ४ प्रमाणे काटा त्याला या मृत्युपत्राने मिळत नाही. पण मी अजून जिवंत आहे, आणि जिवंत बाईने आपली वस्तू कोणाला द्यावी हे मृत्युपत्राला विचारावं लागत नाही. सबब काचेच्या पेटीतला काटा आज मी भावाच्या हातात दिला आहे आणि वाटणीतून वगळला आहे. त्याने आधी रुमाल काढून पेटी पुसली. मग खुर्ची ओढून काट्यासमोर बसला, एक केस माझा आणि एक स्वतःचा, दोन पारड्यांत टाकला. दोन्ही पांढरे. बराच वेळ बघून म्हणाला, “ताई, हा एका बाजूला कलतोय.”

मी म्हटलं, “आधी तू सरळ बस.”

(सही) काटेवाली
ठिकाण: दुकान, खिडकीजवळचं टेबल, ओळंब्याखाली
दिनांक: महिन्याचा तिसरा रविवार, चार वाजून गेल्यावर